अठरा मिलिमीटर

लॅपटॉपवर हा रस्ता चाळीस सेकंदांत होतो.
पुण्याहून आलेली फाईल उघडायची, बाण दाबायचा:
काळी माती उकरली जाते, मुरूम पसरतो,
त्यावर खडी, खडीवर डांबर,
आणि कोंडेझरी फाट्यापासून नाल्यापर्यंत
पांढरी रेघ एकटीच धावत सुटते.
धूळ उडत नाही. कुणी पाणी मागत नाही.
दोन्हीकडची शेतं राखाडी.
शेतं काढायचे पैसे कुणाला मिळालेले नाहीत.

डोमाजी कुळसंगेंचा ग्रेडर या फाईलवरच चालतो.
पातं आपलं आपण उचलतं, आपलं आपण टेकतं,
ते नुसतं स्टिअरिंग धरून,
"लग्नात नवरीमागं उभ्या मामावानी"
(हे त्यांचंच म्हणणं).
खिशात मात्र गाठी पडलेली सुताची दोरी.
आता कशाला ठेवता?
"राहू द्या जी. खर्रा रायते तशी ते बी रायते."

डिसेंबरातल्या एका रात्री मशीनचा सिग्नल तुटला.
मी पुसदला, भाचीच्या बारशाला.
मुरमाचे सात डंपर रांगेत.
त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली,
आणि एक डोळा मिटून दोनशे मीटर ओढून काढले.

सकाळी मी मोजलं. स्क्रीन लालभडक.
दोनशेच्या दोनशे मीटर
अठरा मिलिमीटर खाली.
एकावर एक दोन हरभरे ठेवा, तेवढं.
मी बोलू नये ते बोलले,
डंपरवाल्या पोरांसमोर.

ते ऐकून घेत होते.
मग खर्रा चोळत बेंचमार्ककडे निघाले,
धुऱ्यावरच्या त्या सिमेंटच्या खुंटाकडे
ज्यावर माझ्याच हातचे लाल आकडे,
जिथून आमची सगळी उंची सुरू होते.
मी मागोमाग. बूट रुतला.
चिखल?
महिनाभर आभाळात ढग नाही.

"रातची लाईन हाये न यंदा,"
कौतिकाबाई ढोले तुरीच्या ओळीतून,
"बारा ते सा. हरबऱ्याले पाणी सोडलं, तीन राती झाल्या.
काऊन वं बाई, तुह्या खुंट्याले लागलं काय?"

लागलं.
माती पाणी प्यायली, फुगली,
आणि फुगता फुगता खुंटालाही वर घेऊन गेली,
झोपेत कूस बदलताना आई लेकराला घेते तसं,
न जागता.
आमचं शून्यच हललं होतं.
त्या शून्यावरून मोजलेला
तीन दिवसांचा बिनचूक रस्ता
साराच दोन हरभरे उंच.

दोरी बरोबर निघाली
कारण तिनं टोक धरलं होतं आधीच्या आठवड्याच्या खडीवर.
"त्यात माह्यं काई नाई," डोमाजी म्हणाले,
"जवळ जे होतं त्यावर बांधली."
मी माफी मागायला तोंड उघडलं तर
ते डिझेलचं विचारत होते.

कुठून कुठवर खरवडायचं ते मॉडेलनंच सांगितलं:
सहाशे चाळीस मीटर,
ऐंशीएक घनमीटर, दीड दिवस.
हेही लिहायला हवं.
दोरीला ते सांगता आलं नसतं.

नवा बेंचमार्क नाल्याकाठच्या काळ्या खडकावर कोरला.
छिन्नीनं, अर्धा दिवस लागला.
रात्री लॅपटॉप उघडून
रस्त्याच्या डाव्या अंगाला एक नवा थर काढला,
पाऊण एकराचा, वाकडातिकडा, हिरवा.
माहितीच्या रकान्यात लिहिलं:
हरभरा. पाणी रात्री बारा ते सहा. कौ. ढोले.

बारा वाजून चार मिनिटांनी
पलीकडे मोटर सुरू झाली.

पुण्याहून शेरा आलाय,
हा थर रस्त्याचा नाही, काढून टाकावा.
दुसऱ्यांदा आलाय.
अजून काढलेला नाही.